मराठी भाषणांची स्वयंचलित सबटायटल्स: लांबी कुठे आणि कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेचे चित्रीकरण संकलित करताना सॉफ्टवेअरकडून सबटायटल्स आपोआप करून घेतली जातात. त्यांतली काही एक-दोन शब्दांचीच येतात आणि वाचून होण्याआधी निघून जातात, तर काही तीन-चार ओळींची येऊन वक्त्याच्या छातीपर्यंत चढतात. त्याच संगणकावर, त्याच सेटिंगने हिंदी कार्यक्रमांची सबटायटल्स बरी येतात. मग मराठीतच हे का घडते, आणि लांबीची मर्यादा नेमकी किती ठेवावी?

मर्यादेचा आकडा वर-खाली करण्याआधी तो आकडा काय मोजतो हे पाहावे लागते. प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे भाषणाच्या लिहून काढलेल्या मजकुरावरून, कॅप्शन (सबटायटल) तयार करताना जी चौकट उघडते, तीत ओळीतील जास्तीत जास्त अक्षरे, सबटायटल पडद्यावर राहण्याचा किमान काळ, दोन सबटायटल्समधील फ्रेमचे अंतर आणि एक ओळ की दोन ओळी, अशा गोष्टी विचारल्या जातात. दाविंची रिझॉल्व्ह या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीवरून सबटायटल तयार करण्याची सोय 2023 मध्ये, 18.5 या आवृत्तीत आली. ती फक्त पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, आणि तिथेही प्रत्येक ओळीतील कमाल अक्षरे, ओळींची संख्या आणि अंतर हेच विचारले जाते. दोन्हीकडे आधीपासून भरून ठेवलेला अक्षरांचा आकडा 42 आहे. हा आकडा इंग्रजीसाठी रुळलेला आहे. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटल्सची ओळही जास्तीत जास्त 42 अक्षरांचीच असते. रोमन लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर हे समीकरण जवळजवळ नेहमी जुळते, त्यामुळे तिथे हा आकडा म्हणजे ओळीची रुंदी, असे धरून चालता येते. देवनागरीत ते समीकरण मुळातच जुळत नाही, आणि तुमच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे.

एक वाक्य घेऊ: ‘राजवाड्याच्या मागच्या गल्लीत गणपतीची मिरवणूक थांबली होती.’ वाचणाऱ्याच्या दृष्टीने यात 26 अक्षरे, 6 मोकळ्या जागा आणि 1 पूर्णविराम, म्हणजे 33 घटक आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे नोंदण्याच्या जागतिक पद्धतीत, मात्र काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर घडवणारा हलन्त यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र चिन्ह आहे. ‘च्या’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हे असतात. या हिशोबाने वरचे वाक्य 57 चिन्हांचे होते. काही सॉफ्टवेअर काना-मात्रा मुख्य अक्षराला जोडून मोजतात, पण जोडाक्षर हलन्तापाशी तोडतात. त्यांच्या मोजणीत हेच वाक्य 37 चे भरते. युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला, पण तो प्रत्येक सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचलेला असेलच असे नाही. आणि एखादे जुने साधन सरळ बाइट मोजत असेल, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-8 या साठवणुकीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, त्यामुळे हेच वाक्य 157 वर जाते. एका वाक्याची 33, 37, 57 आणि 157 अशी चार मापे निघत असताना ‘मर्यादा 42 ठेवा’ या सल्ल्याला मोजणीची पद्धत कळल्याशिवाय काही अर्थ उरत नाही.

तुमचे सॉफ्टवेअर कसे मोजते हे शोधण्यासाठी माहितीपुस्तिका चाळण्याची गरज नाही. पाच मिनिटांच्या भाषणाची सबटायटल्स एका ओळीच्या आणि 42 च्या मर्यादेने काढावीत, त्यांतली सर्वांत लांब दिसणारी काही घेऊन हाताने मोजावीत. ती ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या वीस-पंचवीस अक्षरांवर थांबत असेल, तर युनिकोडची चिन्हे मोजली जात आहेत. पस्तीसच्या पुढे जात असेल, तर अक्षरे मोजली जात आहेत. पहिल्या प्रकारात मराठीची ओळ रुंदीने फारच आखूड पडते, आणि दोन शब्दांचे सबटायटल येण्याचे हे एक ठळक कारण आहे. अशा सॉफ्टवेअरमध्ये आडव्या व्हिडिओसाठी मी मर्यादा 48 च्या आसपास ठेवतो, आणि फॉन्ट अरुंद असेल तर 52 पर्यंत जातो. अक्षरे मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 28 ते 30 पुरेसे होते. हे आकडे मी माझ्या फॉन्टवर आणि आकारावर ठरवलेले आहेत. तुमच्या फॉन्टमध्ये वरचे नमुन्याचे वाक्य टाइप करून ते पडद्याच्या रुंदीच्या किती भागात मावते, हे एकदा पाहून घ्यावे. बीबीसीच्या मार्गदर्शक सूचनांत आडव्या चित्रासाठी ओळीची रुंदी चित्राच्या 68 टक्क्यांत ठेवण्यास सांगितले आहे. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रावर हे माप सुमारे 1,305 पिक्सेल होते, आणि मराठीसाठीही ते चांगले बसते. अंतिमतः अक्षरांची संख्या हे रुंदीचे अंदाजाने काढलेले रूप आहे. वाद पडलाच तर रुंदीचे ऐकावे.

हिंदी बरी दिसते आणि मराठी बिघडते, यामागे मोजणीखेरीज व्याकरणही आहे. हिंदीत ‘विद्यार्थियों के बारे में’ असे चार सुटे शब्द असतात आणि ओळ भरत आली की सॉफ्टवेअरला त्यांच्यामध्ये कुठेही थांबता येते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांबद्दलच्या’ हा एकच शब्द डोळ्यांना सात अक्षरांचा दिसत असला तरी 22 चिन्हांचा असतो. 42 च्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक जागा त्या एकट्याने खाल्ली, आणि पुढचा शब्दही तसाच लांब निघाला, की सॉफ्टवेअर त्याला खालच्या ओळीत ढकलते आणि वरची ओळ अर्धी रिकामी राहते. इंदूरमध्ये बहुतेक जण हिंदी कामांवर सेटिंग बसवतात आणि तीच मराठीला लावतात. माझा आग्रह आहे की मराठीचा प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा तयार संच, वेगळा जतन करावा.

ओळ कुठे तुटते हा यापुढचा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण मर्यादा अचूक बसवूनही सॉफ्टवेअर संख्येवर तोडते, अर्थावर तोडत नाही. वरचे वाक्य दोन ओळींत, 42 चिन्हांच्या मर्यादेने, तोडायला दिले, तर पहिल्या ओळीत ‘राजवाड्याच्या मागच्या गल्लीत गणपतीची’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मिरवणूक थांबली होती.’ असे येते. ‘गणपतीची’ हा शब्द पुढच्या नामाची वाट पाहत ओळीच्या टोकाला लटकतो. तेच ‘गल्लीत’ या शब्दानंतर तोडले, तर दोन्ही ओळी 28-28 चिन्हांच्या होतात आणि अर्थाचे दोन पूर्ण तुकडे पडतात. षष्ठीचा शब्द आणि त्याचे नाम, विशेषण आणि विशेष्य, आकडा आणि त्याचे एकक, नाव आणि आडनाव, ही एकमेकांपासून तोडू नयेत. ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’, ‘म्हणून’ यांनी नवी ओळ सुरू झालेली चांगली, मात्र ‘ते म्हणाले की’ यातला ‘की’ वरच्या ओळीतच राहावा. ‘सुद्धा’, ‘तर’, ‘देखील’ हे आधीच्या शब्दाला सोडून जाऊ नयेत. ‘करून टाकले’, ‘निघून गेले’ अशी संयुक्त क्रियापदे एकत्र ठेवावीत. सर्वांत घातक तोड नकाराची असते. ‘होळकरांनी ही अट मान्य केली’ एवढे एका सबटायटलमध्ये आले आणि ‘नाही’ पुढच्या सबटायटलमध्ये गेले, तर दोन-तीन सेकंद प्रेक्षक उलटा इतिहास वाचतो. मी सबटायटल्स तपासताना ‘नाही’, ‘नव्हते’, ‘नको’ ने सुरू होणारी सबटायटल्स आधी शोधतो. बाकीच्या तोडी वेळ उरला तर सुधारतो.

पूर्णविरामाचीही एक खोड लक्षात ठेवावी. काही साधने पूर्णविराम दिसला की वाक्य संपले असे समजून तिथे नवे सबटायटल सुरू करतात. इंग्रजीत हे चालून जाते, मराठीत ‘डॉ.’, ‘इ. स.’, ‘कै.’ आणि नावांची आद्याक्षरे यांतले बिंदूही त्यांना वाक्यान्त वाटतात. इतिहासावरील व्याख्यानात हे पावलोपावली घडते. ‘इ. स. 1818 च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला’ या वाक्यातून ‘इ.’ असे एकाक्षरी सबटायटल निघू शकते. उपाय सोपा आहे: ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘इ. स.’ च्या जागी ‘सन’ लिहावे आणि ‘डॉ.’ चा बिंदू सबटायटल तयार होईपर्यंत काढून ठेवावा. याउलट वक्ता एका श्वासात बोलत गेला आणि ओळखणाऱ्या यंत्रणेने विरामचिन्हेच दिली नाहीत, तर तोडण्याजोगी जागाच न सापडून सबटायटल लांबते. म्हणून ट्रान्सक्रिप्टमध्ये विरामचिन्हे घालण्यावर घालवलेला वेळ पुढे लांबी सुधारण्यात वाचतो.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी चित्राचे संकलन पूर्ण करावे, नंतर ट्रान्सक्रिप्ट सुधारावे, आणि त्यानंतरच सबटायटल्स तयार करावीत. मर्यादा बदलून पाहायची म्हणजे सबटायटल्स पुन्हा तयार करायची, आणि तयार झालेल्या सबटायटल्समध्ये हाताने केलेल्या दुरुस्त्या ट्रान्सक्रिप्टमध्ये उलट उतरत नाहीत, त्यामुळे नव्याने काढलेल्या सबटायटल्समध्ये जुन्या चुका परत येतात. येथे प्रीमियर प्रो वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. 2023 पासून त्यात मजकुरावरून संकलन करण्याची सोय आहे, आणि टाइमलाइनच्या ट्रान्सक्रिप्टमधील शब्द निवडून सरळ डिलीट केला, तर त्या शब्दाचे चित्र आणि ध्वनीही कापले जातात. ‘म्हणजे’, ‘असं आहे की’ असे भरतीचे शब्द सबटायटलमधून काढायचे असतील, पण ध्वनीत ठेवायचे असतील, तर मजकूर दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊनच ते काढावेत. असे शब्द गाळणे गैर नाही. व्याख्यानातले दर चौथे वाक्य ‘तर म्हणजे असं की’ ने सुरू होत असेल, तर अशा प्रत्येक वाक्याच्या पहिल्या ओळीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यातच जातो.

आता काळाविषयी. नेटफ्लिक्सच्या नियमांनुसार सबटायटल किमान 5/6 सेकंद, जास्तीत जास्त 7 सेकंद आणि दोन ओळींपर्यंतच असावे, आणि दोन सबटायटल्समध्ये 2 फ्रेम मोकळ्या ठेवाव्यात. हे आकडे व्याख्यानांसाठीही वापरण्याजोगे आहेत, फक्त 5/6 सेकंद ही तळाची पातळी आहे, उद्दिष्ट नव्हे. मराठी व्याख्यानात मी दीड सेकंदाच्या खाली जाऊ देत नाही. काळाची मर्यादा आणि अक्षरांची मर्यादा एकमेकींना ओढतात हे मात्र ध्यानात ठेवावे. किमान काळ मोठा दिला आणि वक्ता वेगाने बोलत असेल, तर तेवढ्या काळात मावणारे शब्द अधिक होतात आणि सबटायटल लांबते. अक्षरमर्यादा कमी ठेवली, तर सबटायटल्स झपाझप बदलतात. वेगाने बोलणाऱ्या वक्त्यासाठी दोन ओळी निवडाव्यात. संथ वक्त्याला एक ओळ शोभते.

वाचनाचा वेग तपासणाऱ्या साधनांतही मोजणीचा तोच घोळ असतो. वरचे 57 चिन्हांचे वाक्य तीन सेकंदांत उच्चारले, तर वेग सेकंदाला 19 चिन्हांचा दिसतो आणि इंग्रजीसाठी लावलेल्या 17 च्या मर्यादेबाहेर गेल्याने ते लाल रंगात दिसते. दिसणाऱ्या अक्षरांच्या हिशोबाने तोच वेग 11 आहे आणि कोणीही प्रौढ वाचक ते सहज वाचतो. चिन्हे मोजणाऱ्या साधनात मी मराठीसाठी 22 ही रेषा ठेवतो, लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी 17.

ज्यांच्याकडे वरील सशुल्क सॉफ्टवेअर नाही, किंवा ज्यांच्या सॉफ्टवेअरच्या यादीत मराठी नाही, त्यांच्यासाठी व्हिस्परचा मार्ग आहे. ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये खुली केलेली ही ध्वनी ओळखणारी प्रणाली आपल्याच संगणकावर चालते आणि तिच्या भाषांत मराठी आहे. भाषा आपोआप ओळखण्यावर न सोडता मराठी असे स्पष्ट सांगावे, नाहीतर सुरुवातीच्या स्वागतात हिंदी असेल तर पुढचे सगळे हिंदी समजले जाण्याचा धोका असतो. लांबीसाठी तिच्यात ‘मॅक्स लाइन विड्थ’ आणि ‘मॅक्स लाइन काउंट’ हे पर्याय आहेत, आणि दोन्ही ‘वर्ड टाइमस्टॅम्प्स’ (प्रत्येक शब्दाची वेळ नोंदणे) चालू केल्याशिवाय काम करत नाहीत. तुम्हाला चार ओळींचे ठोकळे मिळत असतील आणि तुम्ही व्हिस्पर वापरत असाल, तर बहुधा केवळ ओळीची रुंदी दिली गेली आहे आणि ओळींची संख्या दिलेली नाही. तसे केल्यास मूळ लांबलचक तुकडा तसाच राहतो आणि त्यातच हव्या तितक्या ओळी पाडल्या जातात. संख्या 2 दिली की तो तुकडाच फुटून नवी सबटायटल्स होतात. ‘मॅक्स वर्ड्स पर लाइन’ हा तिसरा पर्याय रुंदीबरोबर दिला तर दुर्लक्षिला जातो, हेही माहीत असावे. रुंदी युनिकोडच्या चिन्हांत मोजली जाते, त्यामुळे 48 ते 52 हा आकडा इथे लागू होतो. व्हिस्परला द्यायच्या सुरुवातीच्या सूचनेत (इनिशियल प्रॉम्प्ट) मल्हारगंज, छत्रीबाग, खजराना अशी इंदूरची स्थळनामे आणि वक्त्याच्या विषयातील विशेषनामे लिहून दिली, तर ती बरीच शुद्ध येतात. अशुद्ध आलेले नाव दोन-तीन शब्दांत फुटले की ओळही चुकीच्या जागी तुटते, म्हणून या गोष्टीचाही लांबीशी संबंध आहे.

व्हिस्परमधून मिळालेली एसआरटी फाइल (सबटायटल्सचा मजकूर आणि त्यांच्या वेळा असलेली फाइल) सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. लांब ओळी तोडणे, छोटी सबटायटल्स जोडणे आणि किमान अंतर ठेवणे ही कामे त्यात एकगठ्ठा होतात, आणि वेगाची किंवा लांबीची मर्यादा ओलांडणारी सबटायटल्स रंगाने दिसतात. आधी छोटी जोडावीत, नंतर लांब तोडावीत. उलट क्रमाने केल्यास तोडलेली पुन्हा जोडली जातात. अक्षरे कशी मोजावीत याचा पर्यायही त्याच्या सेटिंगमध्ये आहे. सगळी तासाभराची फाइल वाचणे शक्य नसेल, तेव्हा फक्त रंगलेली आणि नकाराने सुरू होणारी सबटायटल्स पाहावीत.

मोबाइलसाठीच्या उभ्या तुकड्यांना आडव्या व्हिडिओची सबटायटल्स लावू नयेत, ती पुन्हा काढावीत. 1080 पिक्सेल रुंदीत आणि मोठ्या फॉन्टमध्ये चिन्हांच्या हिशोबाने 28 ते 30 ची ओळ मावते, म्हणजे ‘विद्यार्थ्यांबद्दलच्या’ सारख्या शब्दानंतर जेमतेम एक छोटा शब्द बसतो. अशा शब्दांमुळे ओळी विषम झाल्या तरी फॉन्ट लहान करून समतोल साधू नये. विषम ओळ वाचता येते, बारीक अक्षर वाचता येत नाही. शब्दागणिक उड्या मारणारी एकेका शब्दाची सबटायटल्स इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊच्या तीस सेकंदांच्या क्लिपला चालतात, पण व्याख्यानाच्या तुकड्यात मराठीचे क्रियापद शेवटी येत असल्याने प्रेक्षकाला वाक्याचा सुगावा अखेरपर्यंत लागत नाही. तिथे किमान एक पूर्ण पदबंध एकत्र दिसावा.

इंदूरचा वक्ता मधूनच ‘अरे भई, पहले काम तो देखो’ असे हिंदीत बोलून पुन्हा मराठीकडे वळतो, आणि सभागृहाला त्यात काही वावगे वाटत नाही. मराठीवर बांधलेली यंत्रणा मात्र अशा ठिकाणी अडखळते आणि कधी त्या वाक्याचे मराठीसारखे दिसणारे काहीतरी लिहिते. छोटे वाक्य असेल तर हाताने लिहावे. दोन-चार मिनिटांचा हिंदी भाग असेल, तर तेवढा ध्वनी वेगळा काढून हिंदी भाषा निवडून चालवावा, आणि त्याला हिंदीचाच प्रीसेट लावावा.

शेवटी दोन तांत्रिक गोष्टी. प्रीमियर प्रोमध्ये कॅप्शनचा प्रकार निवडताना ‘सबटायटल’ घ्यावा. सीईए-608 हा जुना टीव्हीचा प्रकार 32 स्तंभांचा आहे आणि त्यात देवनागरी नाहीच. जोडाक्षरे फुटून हलन्त सुटे दिसत असतील, तर ग्राफिक्सच्या प्राधान्यांमध्ये मजकूर-रचनेसाठी दक्षिण आशियाई पर्याय निवडावा आणि मगच रुंदी तपासावी, कारण फुटलेली अक्षरे खऱ्या ओळीपेक्षा बरीच जास्त जागा घेतात. दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे वाढवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळणार नाहीत.